हाडांचे औषध : सुरू करण्याइतकाच थांबवण्याचा निर्णयही महत्त्वाचा

हाडे ठिसूळ होण्याचा विकार, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, झाल्याचे निदान झाल्यावर रुग्णापुढे पूर्वी एकच प्रश्न असे : यावर औषध आहे का? आज औषधे अनेक आहेत आणि प्रश्नही वाढले आहेत. आठवड्याला घ्यायची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे औषध, सहा महिन्यांनी टोचायचे इंजेक्शन किंवा रोज स्वतःच्या हाताने टोचून घ्यायचे इंजेक्शन यांपैकी कोणते निवडावे, ते शरीराला सोसेल का आणि ते किती काळ चालू ठेवावे, हे ठरवताना रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय गोंधळून जातात. अनेक रुग्ण काही महिन्यांतच औषध सोडून देतात. एखादे औषध सोडल्याने फारसे बिघडत नाही, तर दुसरे सोडल्याने पाठीचे मणके मोडू शकतात. हा फरक माहीत नसणे हीच या उपचारातील मोठी अडचण आहे.

कर्नाटकातील म्हैसूर हे निवृत्तीनंतर राहण्यासाठी पसंत केले जाणारे शहर. मोकळी हवा, फिरायला कुक्करहळ्ळी तलावाचा काठ, घरोघरी नाचणी आणि दुधाची फिल्टर कॉफी, असे येथील जीवन हाडांना पोषक वाटावे. मात्र या शहरात झालेल्या वैद्यकीय पाहणीतून वेगळेच चित्र समोर आले आहे आणि त्याचा संबंध थेट या औषधांच्या सुरक्षित वापराशी आहे.

सूर्यप्रकाश भरपूर, 'ड' जीवनसत्त्व अपुरे

म्हैसूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १२ अंशांवर वसले आहे. त्वचेवर ऊन पडल्यावर शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होते. त्यामुळे इतक्या दक्षिणेकडील शहरात त्याचा तुटवडा नसावा, असा समज होता. शहरातील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात नोंद झालेल्या ५५९ गर्भवती स्त्रियांच्या रक्ताची तपासणी संशोधकांनी केली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या स्त्रियांपैकी ६६ टक्के स्त्रियांमध्ये 'ड' जीवनसत्त्वाचे प्रमाण लिटरमागे ५० नॅनोमोलपेक्षा कमी आढळले. ३१ टक्के स्त्रियांमध्ये ते २८ नॅनोमोलपेक्षाही खाली होते.

ही पाहणी तरुण स्त्रियांची होती, वृद्धांची नव्हे. तथापि तिचा अर्थ स्पष्ट आहे. अंगभर वस्त्रे, घरातील आणि कार्यालयातील बैठी कामे, दुपारचे ऊन टाळण्याची सवय आणि सावळ्या त्वचेत हे जीवनसत्त्व सावकाश तयार होणे, या कारणांमुळे उन्हाच्या प्रदेशातही तुटवडा होऊ शकतो. वाढत्या वयात त्वचेची ही क्षमता आणखी कमी होते. 'ड' जीवनसत्त्वाअभावी अन्नातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही. मग शरीर रक्तातील कॅल्शियम राखण्यासाठी हाडांतील साठ्यावर हात टाकते.

म्हणूनच हाडांची प्रभावी औषधे देण्यापूर्वी 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची कमतरता भरून काढणे आवश्यक ठरते. शिरेतून दिले जाणारे झोलेड्रॉनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब हे इंजेक्शन कमतरता असताना दिले, तर रक्तातील कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकते. हातापायांना मुंग्या येणे, तोंडाभोवती बधिरपणा आणि स्नायूंत पेटके ही त्याची लक्षणे होत. औषध 'सोसले नाही' असे जे सांगितले जाते, त्यातील काही तक्रारींचे मूळ औषधात नसून अपुऱ्या पूर्वतयारीत असते.

हाड घडते आणि झिजते

हाड ही निर्जीव वस्तू नाही. काही पेशी जुने हाड पोखरून काढत असतात, तर दुसऱ्या पेशी त्या जागी नवे हाड घालत असतात. तरुणपणी हा हिशेब बरोबर राहतो. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते, पोखरण्याचा वेग वाढतो आणि भरण मागे पडते. पुरुषांमध्येही वय, स्टेरॉइड औषधे, मद्यपान, धूम्रपान आणि काही आजार यांमुळे हाच प्रकार घडतो. हाडाची आतील जाळी विरळ होते आणि किरकोळ पडण्यानेही मनगट, मणका किंवा खुबा मोडतो. मणक्याचा अस्थिभंग तर अनेकदा पडल्याशिवायच होतो. उंची कमी होणे किंवा पाठीला बाक येणे एवढीच त्याची खूण असते.

निदानासाठी डेक्सा नावाची क्ष-किरण तपासणी केली जाते. तिच्यात निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडांच्या घनतेशी तुलना करून 'टी' अंक काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९९४ मध्ये ठरवल्याप्रमाणे हा अंक उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस मानला जातो. तथापि केवळ अंकावरून औषध ठरत नाही. वय, आधी झालेला अस्थिभंग, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, मूत्रपिंडाची स्थिती आणि इतर आजार यांचाही विचार होतो. थायरॉइड किंवा पॅराथायरॉइड ग्रंथींचे विकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्ताचा एखादा कर्करोग यांमुळेही हाडे ठिसूळ होतात. अशी कारणे आधी तपासून वगळावी लागतात.

उपलब्ध औषधांचे दोन गट पडतात. पहिला गट हाड पोखरण्याचा वेग कमी करतो. दुसरा गट नवे हाड तयार करण्यास चालना देतो. सर्वच औषधांना बोलण्यात 'हाडे मजबूत करणारी' म्हटले जाते, परंतु खऱ्या अर्थाने हाड बांधणारी औषधे दुसऱ्या गटातील आहेत.

आठवड्याची गोळी आणि सकाळची कॉफी

जुना आणि तुलनेने स्वस्त पर्याय म्हणजे अलेंड्रोनेट. अमेरिकेत १९९५ मध्ये ऑस्टिओपोरोसिससाठी त्याला मान्यता मिळाली. मणका आधीच मोडलेल्या स्त्रियांवरील आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या औषधाने मणक्याचे नवे अस्थिभंग जवळजवळ निम्म्याने घटले. खुब्याच्या अस्थिभंगातही तेवढीच घट दिसली.

हे औषध घेण्याची पद्धत मात्र कडक आहे. ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते. त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही आणि काही खायचे-प्यायचे नाही. याचे कारण असे की, पोटात गेलेल्या गोळीचा एक टक्काही भाग रक्तात पोहोचत नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतल्यास हे शोषण आणखी सुमारे ६० टक्क्यांनी कमी होते. कॅल्शियमची गोळी सोबत घेतली तर औषध त्यातच अडकून पडते. डोळे उघडताच कॉफीचा पेला हातात घेणाऱ्या म्हैसूरच्या घरात किंवा चहाशिवाय दिवस सुरू न होणाऱ्या महाराष्ट्रातील घरात हा नियम वाटतो तितका सोपा नाही. नियम न पाळता वर्षभर घेतलेली गोळी जवळजवळ न घेतल्यासारखीच ठरू शकते आणि पुढील तपासणीत 'औषध लागू पडले नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

रुग्णांची नेहमीची तक्रार छातीत जळजळ होण्याची असते. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली, तर तेथे दाह होतो किंवा व्रण पडतो. पाणी पुरेसे पिणे आणि ताठ बसणे किंवा उभे राहणे यामुळे हा त्रास बराच टळतो. ज्यांना गिळताना अडथळा येतो, अन्ननलिकेचा विकार आहे किंवा अर्धा तास ताठ बसणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ही गोळी योग्य नाही. काहींना हाडे आणि स्नायू दुखण्याचा त्रासही होतो. अशा वेळी गोळी गुपचूप बंद करण्याऐवजी डॉक्टरांना सांगितल्यास पर्याय देता येतो.

वर्षातून एकदा, पण पहिले तीन दिवस

याच वर्गातील झोलेड्रॉनिक आम्ल वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम या प्रमाणात शिरेतून देतात. त्यासाठी किमान १५ मिनिटे लागतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या चाचणीत मणक्याचे अस्थिभंग ७० टक्क्यांनी, तर खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले. पोटाचा त्रास असणाऱ्यांना आणि दर आठवड्याची गोळी लक्षात न राहणाऱ्यांना हा पर्याय सोयीचा वाटतो.

मात्र पहिल्या डोसानंतर ताप, अंगदुखी, डोकेदुखी आणि थकवा असा फ्लूसारखा त्रास अनेकांना होतो. वरील चाचणीत पहिल्या डोसानंतर ३१.६ टक्के स्त्रियांना असा त्रास झाला. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ६.६ टक्क्यांवर आणि तिसऱ्या वर्षी २.८ टक्क्यांवर आले. त्रास बहुधा पहिल्या तीन दिवसांत होतो आणि ओसरतो. आधी भरपूर पाणी पिणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेणे यामुळे तो सौम्य होतो. पहिल्या अनुभवाने घाबरून दुसरा डोस नाकारणाऱ्यांना ही आकडेवारी ठाऊक असणे गरजेचे आहे. मूत्रपिंडाचे कार्य बरेच मंदावलेल्या रुग्णांना हे औषध देता येत नाही, त्यामुळे दर वेळी रक्ततपासणी आवश्यक असते.

या वर्गातील औषधांचा एक विशेष गुण असा की, ती हाडात साठून राहतात आणि गोळी थांबवल्यावरही काही काळ परिणाम टिकतो. त्यामुळे साधारण पाच वर्षे गोळी किंवा तीन वर्षे शिरेतील औषध घेतल्यावर, धोका कमी असलेल्या रुग्णांना काही काळ विश्रांती देण्याचा विचार केला जातो. ही सुट्टी डॉक्टरांनी तपासणी करून द्यायची असते. मणका किंवा खुबा आधीच मोडलेल्या रुग्णांना ती सहसा दिली जात नाही. पाच वर्षांनंतर अलेंड्रोनेट थांबवलेल्या आणि चालू ठेवलेल्या स्त्रियांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्रास देणारे मणक्याचे अस्थिभंग थांबवलेल्यांत ५.३ टक्के, तर चालू ठेवलेल्यांत २.४ टक्के आढळले.

सहा महिन्यांचे इंजेक्शन : तारीख चुकवू नये

डेनोसुमॅब हे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचतात. अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मणक्याचे अस्थिभंग ६८ टक्क्यांनी आणि खुब्याचे ४० टक्क्यांनी घटले. पोटाला त्रास नाही, ताप क्वचित, शिवाय मूत्रपिंड काहीसे मंद असलेल्यांनाही ते देता येते. त्यामुळे अनेकांना हेच सर्वांत सुसह्य वाटते. मूत्रपिंडाचा आजार फार पुढे गेलेल्या, विशेषतः डायलिसिसवर असलेल्या रुग्णांमध्ये मात्र कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये सर्वांत ठळक स्वरूपाचा इशारा दिला.

या औषधाचा खरा धोका ते थांबवल्यावर दिसतो. ते हाडात साठून राहत नाही. परिणाम ओसरताच दबून राहिलेल्या हाड पोखरणाऱ्या पेशी एकदम जाग्या होतात, कमावलेली घनता वर्षा-दोन वर्षांत निघून जाते आणि काही रुग्णांचे एकाच वेळी अनेक मणके मोडतात. म्हणून हे इंजेक्शन आपल्या मनाने कधीही थांबवू नये. थांबवायचेच असेल, तर त्याच्या जागी अलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक आम्ल देऊन हाडांना आधार द्यावा लागतो. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात रुग्णालयात जाणे अवघड झाले, तेव्हा हाडांच्या विकारांशी संबंधित आंतरराष्ट्रीय संस्थांनी हाच इशारा दिला होता. इंजेक्शन सात महिन्यांहून अधिक लांबणार असेल, तर तात्पुरती गोळी सुरू करावी, असा सल्ला त्यांनी दिला.

दोन इंजेक्शनांच्या तारखा लक्षात ठेवण्यासाठी उगादी किंवा गुढीपाडवा आणि दसरा हे सण सोयीचे वाटू शकतात, कारण त्यांच्यात साधारण सहा महिन्यांचे अंतर असते. परंतु मध्ये अधिक महिना आला, तर हे अंतर सात महिन्यांपर्यंत जाते. नेमकी हीच मुदत टाळायची असल्याने तिथी नव्हे, तर इंग्रजी महिन्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवणे श्रेयस्कर.

हाड बांधणारी औषधे

टेरिपॅराटाइड हे हाड बांधणाऱ्या गटातील पहिले औषध. पॅराथायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकातील पहिल्या ३४ अमिनो आम्लांचा हा भाग आहे. यातील शास्त्र चमत्कारिक वाटावे असे आहे. हे संप्रेरक शरीरात सतत वाढलेले राहिले, तर हाड झिजते. दिवसातून एकदा थोडेसे देऊन लगेच ओसरू दिले, तर मात्र हाड वाढते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,६३७ स्त्रियांवरील चाचणीत रोज २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांमध्ये मणक्याचे नवे अस्थिभंग ६५ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेत २००२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तीव्र ऑस्टिओपोरोसिस असलेल्या स्त्रियांमध्ये त्याची रिसेड्रोनेट या गोळीशी तुलना करण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दोन वर्षांत नवे मणके मोडण्याचे प्रमाण टेरिपॅराटाइड घेणाऱ्यांत ५.४ टक्के, तर गोळी घेणाऱ्यांत १२ टक्के होते.

हे औषध पेनसारख्या उपकरणाने रोज मांडीत किंवा पोटाच्या त्वचेखाली स्वतः टोचावे लागते. ते दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात, फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याबाहेर ठेवावे लागते. त्यामुळे प्रवास, लग्नकार्य आणि वीज जाणे या सर्वांचा विचार करावा लागतो. सुरुवातीच्या काही दिवसांत टोचल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून बसून किंवा पलंगावर टेकून टोचणे सुरक्षित. मळमळ, डोकेदुखी आणि पायांत पेटके ही इतर लक्षणे होत. सुईची भीती बहुतेकांची काही दिवसांत जाते, पण रोजचा खर्च आणि रोजची शिस्त ही खरी कसोटी असते. अठरा ते चोवीस महिने निभावून नेण्याची तयारी आहे का, हा प्रश्न सुरुवातीलाच घरात बोलून घेणे हिताचे.

या औषधाबद्दलची एक भीती जुनी आहे. उंदरांवर मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ दिलेल्या चाचण्यांत हाडांचा कर्करोग आढळला होता, म्हणून अमेरिकेत वेष्टनावर ठळक इशारा छापला जाई. माणसांमध्ये अनेक वर्षे लक्ष ठेवूनही असा वाढीव धोका न दिसल्याने तो इशारा २०२० मध्ये काढून टाकण्यात आला. तरीही ज्यांच्या हाडांवर पूर्वी किरणोपचार झाले आहेत किंवा ज्यांना हाडांचा कर्करोग आहे, त्यांना हे औषध दिले जात नाही.

दुसरे औषध रोमोसोझुमॅब. त्याची कल्पना एका दुर्मीळ आनुवंशिक स्थितीतून आली. दक्षिण आफ्रिकेतील काही कुटुंबांत स्क्लेरोस्टिन या प्रथिनाच्या अभावामुळे हाडे असाधारण दाट होत असल्याचे आढळले होते. या प्रथिनाला अडवणारे हे इंजेक्शन महिन्यातून एकदा, बारा महिने देतात. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. एका चाचणीत अलेंड्रोनेटच्या तुलनेत हृदयविकार आणि पक्षाघाताच्या गंभीर घटना किंचित अधिक, म्हणजे १.९ टक्क्यांऐवजी २.५ टक्के, आढळल्या. त्यामुळे गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना ते देऊ नये, अशी सूचना आहे.

क्रम चुकला तर कमाई जाते

हाड बांधणाऱ्या औषधांनी मिळवलेली घनता आपोआप टिकत नाही. कोर्स संपल्यावर लगेच झीज रोखणारे औषध सुरू केले नाही, तर नवे हाड पुन्हा झिजू लागते. महागडे इंजेक्शन दोन वर्षे घेऊन 'आता कोर्स पूर्ण झाला' असे समजून थांबणे म्हणजे बांधलेल्या घरावर छप्पर न घालण्यासारखे आहे.

औषधांचा क्रमही महत्त्वाचा असतो. आधी टेरिपॅराटाइड आणि मग डेनोसुमॅब दिल्यास घनता वाढत राहते. उलट क्रमाने, म्हणजे डेनोसुमॅब थांबवून थेट टेरिपॅराटाइड दिल्यास काही काळ हाडांची हानी होते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणून ज्यांचा धोका फार मोठा आहे, उदाहरणार्थ नुकताच मणका मोडलेल्या रुग्णांना, शक्य असल्यास हाड बांधणारे औषध आधी देण्याकडे तज्ज्ञांचा कल वाढला आहे.

दुर्मीळ धोक्यांची भीती

जबड्याच्या हाडाची हानी आणि मांडीच्या हाडाचा विचित्र अस्थिभंग या दोन गोष्टींमुळे अनेक रुग्ण औषध नाकारतात. जबड्याच्या हानीची पहिली नोंद २००३ मध्ये झाली. ती प्रामुख्याने कर्करोगासाठी मोठी आणि वारंवार मात्रा घेणाऱ्यांत दिसते. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत ती फार विरळ आहे. औषध सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याकडून किडलेले दात काढून घेणे आणि उपचार चालू असताना दंतवैद्याला औषधाची कल्पना देणे, ही खबरदारी उपयुक्त ठरते.

मांडीच्या हाडाचा अस्थिभंग दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत होऊ शकतो. कॅलिफोर्नियातील सुमारे १ लाख ९६ हजार स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तीन वर्षे औषध घेणाऱ्या आशियाई वंशाच्या दर १० हजार स्त्रियांमागे खुब्याचे ९१ अस्थिभंग टळले, तर मांडीचे आठ असे अस्थिभंग झाले. गोऱ्या स्त्रियांत ही संख्या अनुक्रमे १४९ आणि दोन होती. आशियाई स्त्रियांत धोका अधिक असला, तरी लाभ त्याहून कितीतरी मोठा आहे. मांडीत किंवा जांघेत नव्याने दुखू लागल्यास ते वयोमानावर न ढकलता तपासून घ्यावे, हा यातील धडा आहे.

औषधांवरील मत कायम एकच राहत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. नाकात फवारायचे कॅल्सिटोनिन एके काळी भरपूर वापरले जाई. कर्करोगाच्या शंकेमुळे २०१२ मध्ये युरोपीय औषध संस्थेने या वापराविरुद्ध शिफारस केली. स्ट्रॉन्शियम रॅनेलेटवर हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१४ मध्ये युरोपात कडक निर्बंध आले. म्हणून शेजारणीला दहा वर्षांपूर्वी लिहून दिलेले औषध आपल्यासाठी योग्य असेलच असे नाही.

ताट आणि योगासने

औषध कोणतेही असो, त्याला कच्चा माल लागतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यामुळे म्हैसूरच्या ताटातील नाचणीची मुद्दे किंवा महाराष्ट्रातील नाचणीची भाकरी आणि अंबील उपयुक्त आहेत. नाचणीला मोड आणल्यास त्यातील फायटेट कमी होते आणि कॅल्शियम अधिक चांगले शोषले जाते. दूध, ताक, तीळ आणि पुरेशी प्रथिने यांचीही जोड हवी. मात्र हाडे एकदा ठिसूळ झाल्यावर केवळ आहाराने अस्थिभंग रोखता येत नाही.

म्हैसूरचे नाव योगाशीही जोडलेले आहे. १९३० च्या दशकात तिरुमलै कृष्णम्माचार्य यांनी येथील जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालवली. तथापि मणके ठिसूळ झालेल्यांनी पश्चिमोत्तानासन किंवा हलासन यांसारखी कमरेतून पुढे वाकण्याची आसने टाळावीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या १९८४ मधील लहान अभ्यासात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नवे बदल आढळले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. चालणे, तोल सांभाळण्याचा सराव आणि पाठीचे स्नायू बळकट करणारे हलके व्यायाम सुरक्षित मानले जातात. न्हाणीघरातील निसरडी फरशी, पायात येणारे पायपुसणे आणि रात्रीचा अंधार दूर करणे, हाही उपचाराचाच भाग आहे.

डॉक्टरांना काय विचारावे

औषध लिहून दिले जात असताना रुग्णाने काही प्रश्न जरूर विचारावेत. आपला धोका मध्यम आहे की फार मोठा? 'ड' जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे का? पहिल्या आठवड्यात कोणता त्रास अपेक्षित आहे आणि कोणत्या लक्षणासाठी लगेच यावे? हे औषध किती काळ चालेल? एखादा डोस चुकला तर काय करावे? आणि हे संपल्यावर पुढचे औषध कोणते?

यातील शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. खरे तर औषधाची निवड त्याच्या उत्तरावरच अवलंबून असते. दर सहा महिन्यांनी रुग्णालयात नेणारे कोणी घरी नसेल, तर सोपे वाटणारे इंजेक्शन धोक्याचे ठरते. सकाळची कॉफी अर्धा तास थांबू शकत असेल, तर जुनी स्वस्त गोळीही उत्तम काम करते. ठिसूळ हाडांना सर्वांत प्रभावी औषधापेक्षा शेवटपर्यंत नीट घेता येणारे औषध अधिक उपयोगी पडते. ते सोसत नसेल, तर सोडण्यापूर्वी एकदा डॉक्टरांशी बोलणे पुढील अस्थिभंग टाळू शकते.